गोचीड वेगळा, चिगर वेगळा
विदर्भातल्या स्क्रब टायफसचं, म्हणजे जिवाणूमुळे येणाऱ्या एका तापाचं, खापर एका लेखात गोचिडांवर फोडलंय, ते चूक आहे. गोचीड म्हणजे बैलाच्या कानात, गाईच्या कासेला टम्म फुगून बसतो तो; डोळ्यांना दिसतो, ओढून काढता येतो. स्क्रब टायफस पसरवते ती एका माइटची (बारीक किड्याची) अळी, चिगर. सहा पायांची, मिलिमीटरचा पाव हिस्साही नसेल. गवतातून अंगावर चढते आणि चावली तरी पत्ता लागत नाही.

२०१८ साली नागपूर भागात हा ताप पसरला, तेव्हा काटोलकडच्या माझ्या काकांनाही तो झाला. डेंगी निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, तरी सहा दिवस नुसतं सलाईन. शेवटी अंग पुसताना काकूंना काखेत काळी खपली दिसली. बिडीचा चटका बसावा तशी, भोवती लाल कडं. दुखत नव्हती, खाजतही नव्हती. ती बघून दुसऱ्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. पहिल्या दवाखान्यात कोणी बंडीसुद्धा काढून पाहिली नव्हती! (बिल मात्र बारकाईनं केलं होतं.) खपली प्रत्येकालाच येते असं नाही, पण काख, जांघ, कमरेची घडी बघायला काय जातं?

त्या लेखातलं माकडतापाचं उदाहरण मात्र बरोबर आहे, तो गोचिडांचाच. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, त्यावरून छडा लागला. पण तो विषाणूचा ताप. तिथे डॉक्सिसायक्लिन चालत नाही. म्हणून तर कोण चावलं याचा घोळ नको.