दूध पुरतंय का गं?

पहिलं बाळंतपण माहेरी करतात ते मुलीला आराम मिळावा म्हणून. माझं माहेर रावपुऱ्यात, सासर मांजलपूरला, दोन्ही बडोद्यातच, त्यामुळे आराम वगैरे विसरा. सकाळी दहा वाजले की सासूबाई हजर, हातात डबा, आणि चपला काढता काढताच पहिला प्रश्न, "दूध पुरतंय का गं?" बाळ कसंय नाही, तू झोपलीस का नाही, डायरेक्ट दूध. त्या गेल्या की शेजारच्या बेन, "धावण आवे छे ने?" भाजी घ्यायला खाली उतरले तर भाजीवालीही तेच विचारते आणि न मागता सुवाची जुडी पिशवीत टाकते, म्हणजे आपला शेपू.

बरं उत्तर तरी काय देणार, देवाने आपल्याला मिलीचे आकडे छापून पाठवलेलं नाहीये. बाटलीवर ते असतात, ३०, ६०, ९०. माझं तर ठाम मत झालंय की डब्याच्या दुधाची अर्धी जादू ह्या आकड्यांत आहे. बाळाने ६० मिली संपवलं की घरातले सगळे निवांत होतात, तेच बाळ माझ्या अंगावर पाऊण तास प्यालं तरी, "काय मिळालं असेल बिचारीला कोण जाणे."

डॉक्टरांनी एक हिशोब सांगितला होता, पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा लंगोट ओले झाले आणि सुरुवातीला उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून आलं की समजायचं दूध पुरतंय. झालं. आईने कॅलेंडरच्या मागे तक्ता आखला, शूची फुली, शीचा गोल. सासूबाई आल्या आल्या चष्मा लावून तक्ता तपासायच्या, एखाद्या फुलीवर बोट ठेवून, "विहीणबाई, हा लंगोट पूर्ण ओला होता की नुसता दमट?" रात्रीच्या डायपरच्या किती फुल्या धरायच्या ह्यावर तर दोघींचं आजतागायत एकमत नाही.

दूध वाढवायचे उपाय मात्र दोघींकडे भरपूर. आईचे अळिवाचे लाडू, सासूबाईंचा शतावरी कल्प, बेनचं काटलुं, म्हणजे बाळंतिणीचा गुजराती पौष्टिक खाऊ, वर जेवणानंतर बाळंतशोपा चावत बसायचं. आणि सासूबाईंची थिअरी अशी की सारखं सारखं पाजू नकोस, जरा साठू दे. आता हे बरोब्बर उलटं आहे, जितकं बाळ ओढतं तितकं शरीर बनवतं, साठवून ठेवलं तर शरीराला वाटतं गिऱ्हाईकच नाही, मग ते उत्पादनच कमी करतं. हे मी त्यांना समजावलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते सगळं खरं गं, पण जरा साठू दे."

त्यात संध्याकाळी सहा ते दहा बाईसाहेब दर वीस मिनिटांनी तोंड उघडायच्या. तान्ही बाळं संध्याकाळी असं करतात, नॉर्मल आहे, पण ते वाचलंय मी एकटीने. बाकी सगळ्यांना एकच दिसतं, पोर उपाशी आहे.

शेवटी एका रात्री, म्हणजे पहाटेच म्हणा, ती रडतेय, मी रडतेय, आई देवाचं नाव घेतेय, तेव्हा नवऱ्याने डॉक्टरांची चिठ्ठी काढली. तिच्यावर खाली लिहिलेलं होतंच, गरज वाटली तर अमुक पावडर. तो रात्रभर उघडं असणारं मेडिकल शोधून डबा घेऊन आला. डबा एकदम गंभीर, बाळाचा फोटो नाही, काही नाही, कारण १९९२ च्या कायद्याने असे फोटो आणि जाहिराती दोन्ही बंद आहेत. उलट वर छापलेलं की आईचं दूधच सर्वोत्तम. म्हणजे पहाटे साडेतीनला पैसे देऊन आम्ही अजून एक सासू घरात आणली.

नवरा नंदेसरीला केमिकल कंपनीत. त्याने डब्यावरच्या सूचना प्लांटवर वाचतात तशा मोठ्याने वाचल्या. आधी पाणी, मग पावडर. पाणी उकळून थोडं निववायचं पण ७० अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, पावडरीतले जंतू मरायला हवेत, आणि पाजण्याआधी कोमट होईपर्यंत गार करायचं. ३० मिलीला एक चमचा, सपाट, सुरीने रेघ मारून. स्वयंपाकघरात थर्मामीटर लावून हा माणूस उभा आणि आत त्याची पोर बेंबीच्या देठापासून ओरडतेय, मी म्हटलं अरे लवकर, तर म्हणे, "बॅच रिजेक्ट होईल."

उरलेलं दूध तासाभरात टाकून द्यायचं असतं. हे सासूबाईंना कळलं आणि त्यांना रात्रभर झोप नाही. एवढं महागाचं दूध मोरीत? दुसऱ्या दिवशी हळूच, "मी काय म्हणते, विरजण लावून बघू का?"

आई मात्र तोंड फुगवून बसली होती. "मी तुला थेंबभर वरचं दिलं नाही हो." हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकायचं त्याला काही सुमार. तरी बाटली नको, वाटी-चमच्याने पाजा, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा कपाटातून चांदीचं बोंडलं काढून दिलं तिनेच. मी म्हटलं, थेंबभर दिलं नाहीस तर हे कशाला होतं? म्हणे गुटी पाजायला. ठीक.

मग एकदा वरणाला डाळ काढायला नवरा स्वयंपाकघरात गेला आणि तुरीचा डबा हातात घेऊन तसाच बाहेर आला. आमच्याकडे ती डाळ त्याच गंजक्या पत्र्याच्या डब्यात असते, मी जन्मल्यापासून बघतेय. त्याने डबा उजेडात धरला. पुसटसं, पण गुटगुटीत बाळ. "आई," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "डब्यावर बाळ म्हणजे कायद्याच्या आधीचा माल. हिच्या जन्माच्या वेळचा दिसतोय."

आई म्हणाली, "तो शेजारणीने दिलेला." तेवढ्यात गॅलरीतून बाबा बोलले. बाबा दुधाचा विषय निघाला की लाजून गॅलरीत जातात आणि तिथून आणंदची गोष्ट सांगतात, म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही म्हणायचे परदेशातले लोक, आणि अमूलच्या कुरियनसाहेबांच्या टीमने १९५५ मध्ये कारखाना उभा करून दाखवला, पुढे बाळांची पावडरसुद्धा म्हशीच्या दुधाची. ही गोष्ट आम्हाला पाठ. त्या दिवशी मात्र शेपूट नवीन होतं, "मीच आणायचो ना डबे, हिला दूध कुठे पुरत होतं."

आई उठून आत गेली. भांडी जोरात वाजली. संध्याकाळी तिने स्वतःच पाणी उकळत ठेवलं आणि जावयाला विचारलं, "तुमचं ते सत्तर का काय, झालं का बघा."

आता दोन्ही चालतं. दिवसा आणि मध्यरात्री मी, रात्री दूध बनवणारे हार्मोन जोरात असतात म्हणून ती पाळी सोडायची नाही, आणि संध्याकाळच्या त्या चार तासांत एखादी बॅच. निवड वगैरे कुणी केली नाही, त्या रात्री जे सुचलं ते केलं.

परवा वजन करायला गेलो. नको नको म्हणत असताना सगळे आले, दोन्ही आज्या काट्याशेजारी, बाबा दाराशी. वजन छान भरलं. डॉक्टर म्हणाले, "उत्तम, सहा महिने होईपर्यंत जे चालू आहे तेच चालू ठेवा." आई माझ्याकडे बघून मान हलवतेय, लाडू. सासूबाई कल्प. नवऱ्याने खिशातून चमच्यांचा हिशोब काढला. आणि बाबा रिसेप्शनवरच्या मुलीला आणंदची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले होते.