कासचा गालिचा म्हणजे जनुकीय विविधतेचा पुरावा नव्हे

साताऱ्याजवळच्या कासच्या सड्याबद्दल, म्हणजे फुलांनी भरणाऱ्या जांभ्याच्या पठाराबद्दल, दर पावसाळ्यात एक दावा फिरतो: फुलं लाखोंनी, म्हणजे जनुकीय विविधता भरपूर, कोरड्या वर्षानंतरही गालिचा परततो, म्हणजे काही हरवत नाही, आणि कमी पडलंच तर दुसऱ्या सड्यावरचं बी टाकू.

फुलं लाखोंनी आहेत, मान्य. पण मोजायची असतात ती बी धरणारी झाडं. ‘सीतेची आसवं’ ही इथली फुलझाडं मातीतल्या बारीक धाग्यांनी पसरतात. शेजारशेजारचे दहा दांडे एकाच झाडाचे असू शकतात.

दुसरा मुद्दा सगळ्यात फसवा. जांभ्यावरची माती अनेक जागी जेमतेम काही सेंटिमीटर. ऐन वाढीत पावसाने दडी मारली की एकवर्षायू रोपं बी धरण्याआधीच करपतात. समजा, चार वर्षं १०,००० झाडांनी बी धरलं आणि पाचव्या वर्षी फक्त १०० झाडांनी. साधी सरासरी ८,०२०. जनुकीय गळती, म्हणजे जनुकांची रूपं योगायोगाने हरवणं, मात्र हरात्मक मध्यावर (लहान आकड्यांकडे झुकणाऱ्या सरासरीवर) ठरते, आणि तो भरतो सुमारे ४८१. झाडांची संख्या पुढे भरून निघते, जनुकांची गेलेली रूपं नाही. जनुकाचं १ टक्का प्रमाणातलं रूप १०० झाडांतून निसटण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. उरली १० झाडं, तर ८२ टक्के. गंमत अशी, की एकाच झाडात जनुकाची दोन वेगळी रूपं सापडण्याचं प्रमाण त्या १० झाडांच्या फटक्यातही एका पिढीत ५ टक्केच घटतं. तेवढाच आकडा पाहणाऱ्याला सगळं आलबेल वाटणारच.

‘मातीत जुनं बी असतंच की!’ जिथे ते अनेक वर्षं जिवंत राहतं, तिथे हा आक्षेप रास्त आहे. वरचं गणित बियांचा साठा नाही असं धरूनच केलंय. पण साठा गृहीत धरू नये, तपासावा. नवं बी पडण्याआधी ठिकठिकाणचे मातीचे लहान नमुने घ्यावेत, ओले ठेवावेत, उगवलेली रोपं जातीनुसार मोजावीत. जिथे पर्यटकांच्या पायांनी माती सुटून वाहून गेली, तिथे साठाही तिच्याबरोबर गेला.

राहिलं परक्या सड्याचं बी. त्याची फुलण्याची वेळ तिथल्या पावसावर बेतलेली असू शकते, शिवाय सोबत तण येतं. बी राखायचंच असेल तर त्याच सड्यावरचं: वेगवेगळ्या डबक्यांकाठच्या किमान ५० झाडांवरून, प्रत्येकाचं सारखंच, पिकलेल्या बियांच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नाही, आणि तेही दोन-तीन हंगामांत विभागून. घाईत एकाच दाट ताटव्यातून पिशवी भरली, तर हाती बहुतेक भावंडंच लागतात.