गेजचा काटा हवा मोजत नाही

परवापासून तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आलाय, आपल्या सोलापुरातल्याच कुणीतरी टाकलेला. मजकूर थोडक्यात असा: "बूस्ट म्हणजे टर्बोने ढकललेली हवा. बूस्ट दुप्पट तर हवा दुप्पट, पॉवर दुप्पट. टर्बो दुप्पट फिरला की बूस्ट दुप्पट. वेस्टगेटचा रॉड दोन आटे आवळा, फुकटात पिकअप घ्या." खाली नुसते अंगठे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, आणि वेस्टगेट म्हणजे दाब ठरल्यापेक्षा वाढला की तो धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप; रॉड आवळला की ती उशिरा उघडते. अक्कलकोट रोडला डिझेल गाड्यांखाली पडून आयुष्य काढलंय म्हणून लिहितो, नाहीतर गप्प बसलो असतो.

बूस्ट म्हणजे हवा, हे पहिलंच वाक्य चुकलंय. नळाला पाणी आल्यावर मोटर लावून पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून बघा, पाइप टणक होतो, चिळकांडी लांब जाते, पण बादली भरायला उशीरच लागतो. बूस्टचं गेज, म्हणजे दाबाचं मीटर, पाइपचा टणकपणा दाखवतं, बादली नाही. टर्बो जेवढी हवा देतो तेवढी इंजिन गिळू शकत नाही म्हणून मध्ये दाब साठतो, तो बूस्ट. हेडचे पोर्ट, म्हणजे इंजिनात हवा शिरायच्या वाटा, साफ केले की तोच टर्बो कधीकधी कमी बूस्ट दाखवतो आणि हवा जास्त जाते, मग गिऱ्हाईक म्हणतं बूस्ट पडला, काय बिघडवलंत.

आता दुप्पटचा हिशोब. गेजवरचा शून्य म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब, साधारण १ बार (बार हे दाबाचं माप). म्हणजे बूस्ट अर्ध्या बारवरून १ वर नेला तर खरा दाब दीडवरून दोनवर गेला, तिसरा हिस्सा वाढला, दुप्पट कुठे झाला? त्यात हवा दाबली की तापते. आपल्या उन्हाळ्यात ४० डिग्रीची हवा १ बार बूस्टला दाबली आणि कॉम्प्रेसर (टर्बोची हवा दाबणारी बाजू) ७० टक्के एफिशियन्सीचा धरला तर ती १३५-१४० डिग्रीला बाहेर पडते. गरम हवा पातळ, त्यामुळे दाब बाहेरच्या दुप्पट असून हवा दीडपटच भरते. इंटरकूलरने, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीने, ती ६० वर आणली तर पावणेदोनपटीच्या वर जाते. गेजवर दोन्ही वेळा आकडा तोच!

टर्बोच्या स्पीडचं तर अजूनच वेगळं. दाब साधारण स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १ लाख आरपीएमला अर्धा बार मिळत असेल तर १ लाख ४० हजारलाच १ बारच्या जरा वर जातो. दुप्पट फिरवायला गेलात तर टर्बोच्या व्हीलवरचा, म्हणजे पंख्यावरचा, ताण चौपट, तो तुकडे होऊन इंटरकूलरमध्ये सापडेल. आणि एकाच स्पीडलासुद्धा दाब ठरलेला नसतो, हवा किती वाहतेय त्यावर असतो. वाहणं फार कमी झालं की हवा उलटी फिरते आणि फडफड आवाज येतो, तो सर्ज, पोरं त्याचेच रील करतात. फार वाढलं तर कॉम्प्रेसर चोक होतो, मग कितीही फिरवा, हवा वाढत नाही, दाब धाडकन पडतो. कॉम्प्रेसर मॅपवर (दाब आणि हवेचा आलेख) या रेषा स्पष्ट असतात, पण तो कोण बघतो.

राहिला रॉड. वेस्टगेटला स्पीड कळत नाही, फक्त दाब कळतो. हवेचा फिल्टर चोंदला तरी तो तेवढाच दाब मागणार आणि बिचारा टर्बो जादा फिरून देणार.

गेल्या महिन्यात मार्केट यार्डात कांदा टाकणारी एक पिकअप आली. पोरगं म्हणालं, "मामा, बूस्ट कमी येत होता म्हणून रॉड आवळून घेतला, गेजवर १ बार बरोबर येतोय, तरी चढाला दम लागतोय अन् धूर मारतीय." खाली हात घातला तर इंटरकूलरच्या होजला बुडाकडून नखाएवढी चीर, भोवती काळं ऑइल. उभ्या गाडीला ती मिटलेली असायची, लोड आला की उघडायची. म्हणजे टर्बो बाहेरच्या रस्त्यालापण हवा घालत होता, ती भरून काढायला जादा फिरत होता, जादा तापत होता, एक्झॉस्ट तुंबवत होता. होज बदलला, रॉडला हात लावला नाही, ट्रायलला हायवेला पाठवलं. अर्ध्या तासाने आला, गाडी खेचतीय म्हणून खूश आणि तोंडावर प्रश्नचिन्ह. "पण मामा, बूस्ट तर तेवढाच हाय की, एकच बार."