‘मॅडम, विषय द्या ना!’

विद्यापीठाच्या पेटची, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेची, जाहिरात आली की माझा फोन सुरू होतो. एम.ए.ला शिकवलेली मुलंमुली असतात. कुणी दोन वर्षांपूर्वीचं, कुणी बारा. आधी तब्येतीची चौकशी, मग हळूच, ‘मॅडम, मानसशास्त्रात पीएच.डी.ला अर्ज करतोय. एखादा विषय द्या ना.’ भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी मागावी तसं. वर, ‘सोपा द्या, डेटा पटकन मिळेल असा.’

चिडायचा मला फारसा अधिकार नाही. मीही विषय असाच मागून घेतला होता. गाईडनी कपाटातल्या प्रबंधांच्या चळतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘यातला एक घ्या, जिल्हा बदला.’ मी जिल्हा बदलला. तीनशे मुलांकडून तीन प्रश्नावल्या भरून घेतल्या, सहसंबंध काढला, नावाआधी डॉ. लागलं. प्रबंध ग्रंथालयात आहे. माझ्यानंतर कुणी उघडला असेलच, तर पुन्हा जिल्हा बदलण्यासाठी.

साचा तुम्हालाही पाठ असेल. ‘अमुक जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या भावनिक बुद्धिमत्ता आणि समायोजनाचा अभ्यास.’ भावनिक बुद्धिमत्ता काढून आत्मसन्मान घाला, समायोजन काढून ताण घाला, विद्यार्थी काढून शिक्षक घाला. नवा विषय तयार.

मुलं आळशी आहेत म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. प्रवेशाची वाटच तशी आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांप्रमाणे प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. गुणवत्ता यादीत परीक्षेला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. तुम्हाला काय शोधायचंय हा प्रश्न येतो तो या तिसात. जून २०२४पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरही पीएच.डी.चा प्रवेश घेता येतो, पण जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप नसेल तर ते गुण एकच वर्ष चालतात. शिवाय मानसशास्त्राचा नेटचा पेपर इंग्रजीत नाहीतर हिंदीत. बी.ए., एम.ए. मराठीतून लिहिलेली माझी विद्यार्थिनी ‘प्रबलन’ (इंग्रजीत रीइन्फोर्समेंट) म्हणजे हिंदीतलं ‘पुनर्बलन’ हे आधी पाठ करते, मग पुढचं.

त्यानंतर गाईड. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार विद्यार्थी, त्याहून जास्त नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. विभागात निम्मी पदं रिकामी असली की काय होतं ते सांगायला नको. ज्यांच्याकडे जागा, त्यांचा जो विषय, तोच आपला जिव्हाळ्याचा विषय. (फेलोशिपबद्दल बोलत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपसाठी मुलांनी आझाद मैदानात किती दिवस काढले ते सगळ्यांनी पाहिलंय. ‘पीएच.डी. करून काय दिवे लावणार’ हेही आपण विधिमंडळातूनच ऐकलं, २०२३च्या हिवाळी अधिवेशनात. तेव्हा मला राग आला होता. नंतर कपाटातला माझा प्रबंध आठवला आणि गप्प बसले.)

अजून एक गोष्ट, कारण दर वर्षी कुणीतरी फसतं. समुपदेशन करायचंय, पेशंट बघायचेत म्हणून पीएच.डी.ला अर्ज करणार असाल तर थांबा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्य केलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमातूनच मिळते. विद्यापीठाच्या साध्या पीएच.डी.ने मिळत नाही. पाच-सहा वर्षं घालवून दारावर डॉ.ची पाटी लावलेली माणसं हे मला फार उशिरा विचारतात.

तर मूळ मुद्दा. गेल्या वर्षी अशीच एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ‘विषय द्या’ झालंच. मी म्हटलं, विषय राहू दे, घरी काय चाललंय सांग. आजीचं सांगत होती. चुलता वारल्यापासून आजी सारखी म्हणते, ‘करमंना बघ.’ डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. हिनं हौसेनं एकटेपणाची ती प्रसिद्ध वीस विधानांची प्रश्नावली, मूळ १९७८ची अमेरिकन, तिचं मराठी भाषांतर आजीला वाचून दाखवलं. ‘तुम्हाला कुणाची सोबत नाही असं किती वेळा वाटतं?’ आजी म्हणाली, ‘घरात नऊ माणसं हैत की गं!’ आजी अजिबात एकटी नाही, असा निकाल आला. आणि आजी रात्रभर जागी.

मी तिला म्हटलं, अगं, हा काय तुझा विषय!

करमत नाही म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, आणि मानसशास्त्राच्या पुस्तकात सापडतही नाही. तो कंटाळा नव्हे. एकटेपणा नव्हे, नऊ माणसांत करमत नाही. नैराश्यही म्हणता येईना, कारण माहेरी चार दिवस गेलं की करमतं. हॉस्टेलवरचं पोर पहिल्या आठवड्यात फोनवर हेच म्हणतं, नवी नवरी हेच म्हणते. पुन्हा व्याकरण बघा, ‘मी करमत नाही’ असं कुणी म्हणत नाही. ‘मला’ करमत नाही. आपण काही करत नसतो, ते आपल्याला होत असतं. कुणाशिवाय, कुठे, कधीपासून, ही पुढची तीन उत्तरं त्या एका क्रियापदाला चिकटूनच येतात. इंग्रजीत विचार करून बनवलेल्या मापपट्टीत ते बसणार कसं?

आणि आपल्या माणसांसाठी आपल्या भाषेत चाचणी बसवणं हे काही नवं धाडस नाही. १९३०च्या दशकात व्ही. व्ही. कामतांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी धारवाडकडच्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली. नुसतं भाषांतर नाही केलं. इथल्या मुलांवर वापरून पाहिली, प्रश्न बदलले, वयांप्रमाणे लावले. बिने-कामत नावाने ती आजही वापरात आहे. तेव्हा ना संगणक, ना एसपीएसएससारखं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर.

पोरीनं आराखडा लिहिला. आधी मुलाखती, त्यातून विधानं, मग चाचणी. लेखी परीक्षा निघाली. मुलाखतीत समितीनं विचारलं, ‘याची प्रमाणित चाचणी कुठली?’ ती म्हणाली, नाहीये. ‘मग मोजणार कशानं?’ ती गडबडली. ‘इंग्रजीत याला काय म्हणतात?’ तिथे पूर्ण गप्प. बाहेर आल्यावर रडत फोन.

खरं सांगायचं तर पहिले दोन प्रश्न मीही विचारले असते. चाचणी नसेल तर ती कशी बनवणार, किती लोकांवर, तिचा भरवसा कसा तपासणार, याचं उत्तर तोंडावर हवंच होतं. तिची तयारी तिथे कमी पडली, आणि ती करून घ्यायचं मला सुचलं नाही. तिसऱ्या प्रश्नावर मात्र तिनं ‘काहीच म्हणत नाहीत, म्हणून तर आलेय’ असं म्हणायला हवं होतं. आता काय.

यादी अजून लागलेली नाही. तोवर तिनं आजीच्या ओळखीच्या अकरा बायकांशी बोलून वही भरलीय. परवा पहिल्या पानाचा फोटो पाठवला. एका आजींचं वाक्य: ‘म्हस इकली त्या दिसापास्नं गोठ्याकडं बघवंना आन घरात करमंना.’ खाली हिचा प्रश्न, ‘मॅडम, हे दुःखात घेऊ, सवयीत घेऊ की कामात?’

दोन दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही.