आई, तो भात टाकून दे

रविवारी सकाळी आईकडे गेले, तर ओट्यावर झाकलेलं पातेलं. झाकण काढलं. आत कालचा भात, गोळा झालेला, वर खोबरेल तेलाची चकाकी. रात्री नऊपासून तो तिथेच होता. फ्रीजमध्ये का नाही ठेवलास म्हटलं, तर म्हणाली, "अगं, बाहेरच ठेवायचा असतो. शुगर निघून जाते." मग चष्मा लावून मावशीने पाठवलेला मेसेज मला मोठ्याने वाचून दाखवला: भात शिजवताना चमचाभर खोबरेल तेल घाला, वरचं पाणी ओतून टाका, बारा तास झाकून ठेवा, सकाळी गरम करून खा. भातातली साखर जाते, कॅलरी निम्म्या होतात, मधुमेह असलेल्यांनी पोटभर खावा, महिन्याभरात गोळ्या सुटतात. खाली जोडलेले हात.

हाच मेसेज मला आणखी दोघांनी पाठवलाय. तेव्हा एकदाच लिहिते.

आधी ते बारा तास. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात कोमट होऊन पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं त्यांचं विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे 'सकाळी गरम करून खा' याने काहीही सुधारत नाही. जिवाणू मरतील, विष राहील. आईचं म्हणणं, "वास तर काहीच येत नाहीये." नसेलच येत. या विषाला वासही नाही, चवही नाही. एका शितावरून भात शिजला का ते कळतं, बाधेल का ते नाही कळत. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या सत्तरीच्या बाईला दिवसभर उलट्या होणं म्हणजे किरकोळ पोट बिघडणं नव्हे.

ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सी सांगते: भात शक्यतो तासाभरात गार करा, फ्रीजमध्ये ठेवा, २४ तासांत संपवा, गरम करायचा तर पूर्ण वाफाळेपर्यंत आणि एकदाच. पातेल्यातला ढीग तासाभरात गार होत नाही, हे हात लावून बघा. ताटात पसरला तर होतो.

गंमत म्हणजे मूळ प्रयोगात फ्रीज होता! २०१५ साली कोलंबोच्या एका विद्यार्थ्याने आणि त्याच्या मार्गदर्शकांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात ही कृती मांडली. उकळत्या पाण्यात खोबरेल तेल, मग तांदूळ, शिजल्यावर १२ तास फ्रीजमध्ये. मेसेज फिरता फिरता १२ तास राहिले, तेल राहिलं, फ्रीज तेवढा गळला.

निम्म्या कॅलरीही तिथूनच आल्या. सगळ्यात चांगल्या वाणाच्या तांदळात ५० ते ६० टक्के कॅलरी कमी होऊ शकतील, असा त्यांचा अंदाज होता. अंदाज. माणसांवरच्या चाचण्या तेव्हा व्हायच्या होत्या.

आता नाइलाजाने मान्य करते, यात तथ्य अजिबात नाही असं नाही. भात गार झाला की स्टार्चचे काही धागे पुन्हा घट्ट जुळतात, ते लहान आतड्यात नीट पचत नाहीत, आणि परत गरम केल्यावरही सगळे सुटत नाहीत. २०१५ मध्येच एशिया पॅसिफिक जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशनमध्ये याचं मोजमाप छापून आलं. ताज्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅममागे असं न पचणारं स्टार्च ०.६४ ग्रॅम. २४ तास ४ अंशांवर ठेवून गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. १५ निरोगी माणसांना दोन्ही भात खायला दिले, तर गार करून तापवलेल्या भाताने रक्तातली साखर साधारण १८ टक्के कमी चढली. बरंय की. पण माणसं पंधरा, तीही निरोगी, आणि भात फ्रीजमधला.

आता कॅलरींचा हिशेब करा. फरक सुमारे एक ग्रॅमचा. साध्या स्टार्चच्या ग्रॅममागे ४ कॅलरी, न पचणाऱ्याच्या जवळपास २. म्हणजे १३० कॅलरींच्या १०० ग्रॅम भातात वाचल्या दोन. आणि चमचाभर तेलाच्या चाळीस. त्या पातेल्यात तीन-चारशे ग्रॅम भात धरला तरी वाचणार सहा-आठ, वाढणार चाळीस!

पाणी ओतून टाकल्याने थोडं स्टार्च जातं, सोबत ब जीवनसत्त्वंही जातात. 'भातातली साखर' म्हणजे काय हे मेसेज लिहिणाऱ्यालाच विचारा. भातात जे असतं ते बहुतेक सगळं स्टार्चच, आणि पाणी ओतल्यावरही त्यातलं बरंचसं दाण्यातच राहतं.

भात हलका करायचाच असेल तर ताटातला भात निम्मा करा आणि उरलेल्या जागी डाळ नि भाजी वाढा. कंटाळवाणं आहे, फॉरवर्ड होणार नाही.

राहिल्या गोळ्या. आईने त्या बंद केल्या नव्हत्या, पण डबीत शुक्रवार-शनिवारच्या रात्रीचे दोन्ही कप्पे भरलेले होते. "विसरले गं," म्हणाली. मी काही बोलले नाही. भात टाकला, पातेलं घासलं आणि मावशीला फोन लावला.