तीन टीशर्ट

मुंबईत घामाची तक्रार करायची सोय नाही. समोरचा लगेच आपला भिजलेला शर्ट दाखवतो. त्यामुळे मे महिनाभर रात्री ओलाचिंब होऊन उठत होतो, तरी ते कुणी मनावर घेतलं नाही; मीसुद्धा नाही. ऑक्टोबरही तसाच गेला.

शंका आली ती जानेवारीत. पारा सतरावर उतरला, लालबागची आमची अख्खी चाळ स्वेटर घालून मिरवायला लागली. बायको गोधडीत गुरफटलेली, आणि तिच्या शेजारी मी, पहाटे तीनला, विहिरीतून ओढून काढल्यासारखा.

आई म्हणाली, "उष्णता आहे. सब्जा घे." घेतला. आता घामासाठी एकदा आणि सब्जासाठी दोनदा उठायला लागलो. शेजारच्या काकूंनी आवाज खाली आणून "टीबी तर नाही ना रे?" असं विचारलं. काकूंचं अगदीच चूक नव्हतं. डॉक्टरांनीही आधी ताप, खोकला, वजन हेच विचारलं. एक्स-रे, थायरॉईड, सगळं ठीक. वजन तर चांगलं तीन किलो वाढलेलं.

आता खरं सांगतो. एप्रिलपासून मला सर्ट्रालीन ही चिंतेवरची गोळी चालू होती, पन्नास मिलिग्रॅम, आणि हे फक्त बायकोला ठाऊक होतं. मानसोपचारतज्ज्ञांना घामाचं सांगितलं तर ते म्हणाले, "येतो की! दहातल्या एखाद्याला येतो. आधी नाही का सांगायचं?" शरीराचं तापमान सांभाळणारा हायपोथॅलॅमस मेंदूत असतो, आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या गोळीने त्याचा काटा जरा हलतो, म्हणे. "मग बंद करू?" "मनाने अजिबात नाही. एकदम सोडलीत तरी घाम फुटतो."

म्हणजे घेतली तरी घाम, सोडली तरी घाम.

पण सोडायची माझीच तयारी नव्हती. पूर्वी मी तीनला जागा व्हायचो तो नोकरी, कर्ज आणि चाळीचा जिना या तिन्ही गोष्टी एकदम कोसळणार म्हणून. आता तीनला जागा होतो आणि डोक्यात एकच प्रश्न असतो : कोरडा टीशर्ट कुठाय?

डॉक्टरांनी रात्रीची गोळी सकाळी घ्यायला सांगितली. बघू, म्हणाले, नाहीतर डोस बदलू.

तोवर गॅलरीतल्या दोरीवर रोज तीन टीशर्ट वाळताहेत. त्यातला एक मॅरेथॉनचा, मेहुण्याने दिलेला. काल खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात अडवलं. "रोज पहाटे पळता वाटतं? वा! असंच चालू ठेवा."

"नाही हो काका," मी म्हटलं, "डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय."