प्लगची वायर शास्त्रशुद्ध भाजण्याची पद्धत

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने काय करावं यावर आपल्याकडे बरीच मतं आहेत. कुणी ट्रेकला जातं, कुणी ज्ञानेश्वरी उघडतं, कुणी नुसतीच साखर सोडतं. पण तुम्ही टेक्ससमध्ये राहत असाल, घराचं कर्ज फिटत आलं असेल आणि मुलगी कॉलेजला गेल्यामुळे गॅरेजमध्ये एका गाडीची जागा मोकळी झाली असेल, तर माझं ऐका. १९७२चा शेवरलेट सी-१० पिकअप घ्या. रंग उडालेला असेल तर फारच छान. त्याला इथे 'पॅटिना' म्हणतात आणि त्याचे जास्त पैसे पडतात.

ट्रक दारात आला की पहिल्याच शनिवारी इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका धूर बाहेर नेणारी नळकांडी) काढून टाका. पन्नास वर्षं ते एका जागी गपगुमान बसून राहिले, हाच त्यांचा दोष. वाड्याच्या उंबऱ्यासारखे जाड, आणि दिसायला उंबऱ्याहूनही वाईट. त्यांच्या जागी हेडर बसवा. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची वेगळी नळी. एका बाजूच्या चार नळ्या झोकदार वळणं घेत खाली उतरतात आणि एका तोंडाशी मिळतात. ताकद वाढते म्हणतात. किती, ते विचारू नका. आवाज वाढतो एवढं नक्की, आणि आपल्या वयात ताकद कानानेच मोजायची असते.

आता या नळ्यांचा पत्रा असतो दीड मिलिमीटरच्या आतबाहेर. बिडाचा मॅनिफोल्ड बरीचशी धग पोटात ठेवून घ्यायचा. हा पत्रा ती साऱ्या घराला वाटतो. आणि शेवरलेटच्या 'स्मॉल ब्लॉक' नावाच्या आठ सिलिंडरी व्ही-८ इंजिनात (१९५५ साली हे घराणं सुरू झालं, २०११पर्यंत त्यात दहा कोटी इंजिनं जन्मली) ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग शिरतात ते बाजूने, नेमके त्याच नळ्यांच्या कुशीत. कारखान्यातल्या लोकांना हे माहीत होतं. त्यांनी प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या वायरींसाठी ब्रॅकेटं दिली होती, पत्र्याचे आडोसे दिले होते. हेडर बसवताना हे आडोसे आडवे येतात. भंगारात टाका. हेडरच्या जाहिरातीत ते दिसतात का कुठे?

वायरींचा विचार या क्षणापर्यंत करायचा नाही. हेडर घट्ट बसले, बारा बोल्ट आवळून झाले, दोन बोटांची सालटं निघाली, की मग. दुकानदार विचारेल, टोकाचे रबरी बूट सरळ हवेत, की ४५ अंशांचे, ९०चे, १३५चे? तुम्ही ९० सांगा. काटकोन आपल्या शाळेपासूनच्या ओळखीचा. डिस्ट्रिब्युटरची (आठही प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या यंत्राची) टोपी जुनी, खोबणींची आहे की १९७४-७५च्या सुमाराला आलेली खुंट्यांची, असंही तो विचारेल. तिकडे दुर्लक्ष करा. चुकीचा संच घरी आला की तो परत पाठवण्याच्या निमित्ताने पार्सलवाल्याशी घरोबा होतो.

शेजारी एखादा म्हातारा राहत असेल, ज्याने उभं आयुष्य ट्रकच दुरुस्त केले, तर त्याच्यापासून सांभाळा. आमच्या शेजारी आहे. उघडं गॅरेज दिसलं की तो हातात कॉफीचा मग घेऊन येतो आणि काही न बोलता बॉनेटखाली बघत राहतो. मग म्हणतो, "वायर नळीपासून बोटभर लांब ठेव. तुझं बोट शिरत नसेल तर वायरसुद्धा राहणार नाही." आता बोट शिरतं का हे बघायचं म्हणजे आधी सगळे प्लग लावा, निरनिराळ्या कोनांचे बूट चढवून बघा, आठही ठिकाणी वेगवेगळा उपाय शोधा. पुढच्या प्लगला सरळ बूट, मधल्याला ४५चा, मागच्याला आणखी काही. म्हणजे एका ट्रकला दोन संच घ्यायचे आणि त्यातून एक जमवायचा! असा खर्च आपल्याला परवडत नाही. आपण आपले त्यापेक्षा तीन वर्षांत पाच संच घ्यावेत.

वायरी नेण्याचे दोन मार्ग त्याने मला सांगितले, ते टाळता यावेत म्हणून देतो. पहिला वरून: डिस्ट्रिब्युटरपासून निघून व्हॉल्व्ह कव्हरच्या वर, उभ्या चिमट्यांत एकेक वायर सुटी धरून, आणि मग दोन नळ्यांच्या मधून थेट प्लगवर खाली. दुसरा खालून: इंजिनाच्या मागून उतरून, ब्लॉकला धरून, हेडरच्या खाली-खाली पुढे येत, आणि मग प्लगपाशी वर. हा मार्ग वरून दिसत नाही, जुन्या गाड्यांचे शौकीन त्यावर जीव टाकतात; फक्त वायर लांब लागते आणि तीन तास पाठीवर झोपावं लागतं. दोन्ही रस्त्यांत सोवळं-ओवळं फार. तुम्ही मधला मार्ग घ्या. मध्यम मार्ग आपल्याकडे थोरामोठ्यांनी सांगितलाच आहे. या ठिकाणी तो बरोबर नळीवरून जातो.

आणि कापून बसवायचा संच असेल तर वायर मोजूनमापून कापा, एक सूतही जास्त नको. ताणलेली वायर कशी नीटनेटकी दिसते. इंजिन हलतं, असं म्हातारा म्हणतो. गॅस दिला की व्ही-८ इंजिन ड्रायव्हरच्या बाजूने वर उचलतं, म्हणून वायरीला थोडी ढील हवी. ही गोष्ट काही उगाच नाही म्हणा. १९७१ साली जनरल मोटर्सने १९६५ ते १९७० दरम्यानच्या सुमारे ६७ लाख शेवरलेट गाड्या इंजिनाचे रबरी माउंट तुटतात म्हणून परत बोलावल्या होत्या, आणि उपाय काय केला, तर इंजिनाला तारेचा दोर बांधून दिला. बैलाला दावं बांधतात तसा. पण तुमचं इंजिन गरीब स्वभावाचं असेल, असं समजून चालायला काय हरकत आहे?

आता खरी मजा. फायरिंग ऑर्डर. आपली पिढी पाढे घोकलेली, म्हणून हा पाढा आपल्याला चटकन येतो: एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन. या क्रमाने ठिणगी पडते. यात पाच आणि सात यांच्याकडे नीट बघा. दोघं एकाच बाजूला, भिंतीला भिंत लावून राहणारे, आणि पाळीही एकामागून एक. दोन सख्ख्या भावांची घरं शेजारी-शेजारी आणि विहिरीवरची पाळी लागोपाठ; पुढे काय होतं ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. पाचच्या वायरीतून वीस हजार व्होल्टच्या पुढचा झटका जातो. सातची वायर तिला खेटून, लांबवर समांतर धावत असेल, तर तो झटका बांध ओलांडतो आणि सातच्या प्लगवर अवेळी ठिणगी पडते. क्रँकचा, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याचा, पाव फेरा अजून बाकी असताना. पिस्टन वर येतोय आणि वरून भडका खाली. नशीब वाईट असेल तर पिस्टनचा टवका उडतो. म्हाताऱ्याचं म्हणणं, या दोन वायरींमध्ये इंचभर तरी अंतर ठेव, किंवा मध्ये तिसरी वायर घाल, आणि एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडू दे. मध्ये तिसरा घातल्याने भाऊबंदकी मिटल्याचं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. पण वायरींच्या बाबतीत मिटते म्हणे.

(फोर्डवाल्यांनी यात हसू नये. माझ्या एका मित्राकडे फोर्डचा एफ-१०० पिकअप आहे, ३०२ इंजिनाचा. त्याच्या जुन्या क्रमात सात आणि आठ असेच शेजारी-शेजारी आणि लागोपाठ. पुढे ज्या इंजिनांत क्रम बदलला त्यांत हे भांडण सहा आणि पाच यांच्या दारात गेलं. मिटलं नाही, बिऱ्हाड बदललं.)

तर तुम्ही काय करायचं? आठही वायरी एकत्र करून केरसुणीसारखी जुडी बांधायची. बांधायला प्लॅस्टिकचे केबल टाय. ते हेडरच्या धगीने मऊ होतात, ओघळतात, आणि मग जुडी आपोआप सुटून ज्या नळीवर पडायची त्या नळीवर पडते. माणसाने फार हस्तक्षेप करू नये.

सिलिकॉनचं आवरण अडीचशे अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं, नळी चढावर त्याच्या पुढे जाते, आणि नंतरचं सगळं तुम्ही नाकाने समजू शकता. आमच्याकडे ही पहिली बातमी स्वयंपाकघरातून, बायकोकडून आली.

"अरे, काहीतरी करपतंय."

"दूध बघ."

"दूध गॅसवर नाहीच आहे. ट्रक चालू आहे."

इथे लगेच बाजारात जा आणि काचेच्या धाग्याचे मोजे आणा. हे मोजे बुटांवर चढवायचे. त्यांचा उपयोग असा, की अंतर कमी असलेल्या जागी ते वेळ मिळवून देतात. तुम्ही मात्र मोजे आहेत म्हणून वायर निर्धास्तपणे नळीला टेकवून ठेवा. थर्मासमधला चहा थंड व्हायचा थांबतो का, उशिरा होतो एवढंच. तसंच इथे उलट. शिवाय हेडरलाही पट्टा गुंडाळा, पाय मोडलेल्या माणसाला बँडेज करतात तसा. दिसायला रुबाबदार. पट्टा ओल धरून ठेवतो आणि साध्या लोखंडाची नळी त्याखाली गंजत जाते, पण पट्टा असल्यामुळे ते दिसत नाही. झाकली मूठ.

बूट चढवताना आत सिलिकॉनचं ग्रीस बोटभर लावतात. लावू नका. न लावलेला बूट प्लगच्या चिनीमातीला असा चिकटतो की पुढच्या वेळी तो पिळून, हळूहळू सोडवावा लागतो. तोही प्रकार नको. वायर धरा आणि जोरात ओढा. वायर हातात येते, आतलं पितळी टोक प्लगवर राहतं. ही कामाची झटपट वाटणी.

यानंतर ट्रक मिसिंग करू लागेल, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटायचा राहील. सावकाश चालवताना नाही. चढावर, किंवा हायवेला शिरताना, मागून अठरा चाकांचा ट्रेलर येत असताना. सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज येईल. आता लक्षात ठेवा, दोष वायरीत आहे असा संशयसुद्धा घ्यायचा नाही, कारण वायरी नव्या आहेत, तुम्हीच लावल्यात. कार्बुरेटरला हात घाला. जेट बदला. फ्लोट बदला. जमलं तर अख्खा कार्बुरेटर बदला. मग पेट्रोलचा पंप, मग कॉइल, मग टायमिंग पुढे-मागे. जुने मेकॅनिक म्हणतात की कार्बुरेटरची बहुतेक दुखणी प्रत्यक्षात इग्निशनची असतात. जुन्या मेकॅनिकांना पैसे खर्च करण्यातला आनंद कुठून कळणार!

म्हाताऱ्याने एका रात्री गॅरेजचे दिवे मालवायला लावले. इंजिन चालू, अंधार, आणि त्याच्या हातात झाडांवर मारायची पाण्याची फवारणी. त्याने ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या भागात दोन फवारे मारले आणि सातव्या बुटापासून नळीकडे निळी फुलबाजी तडतडली. इतकी सुंदर, की मी हात पुढे केला. त्याने मनगट धरून मागे ओढलं. तेवढं मात्र त्याचं मी ऐकलं, आणि तुम्हीही ऐका. बाकी सगळं लेखात आहे तसं करा.

मल्टीमीटर लावून वायरींचा रोध मोजणं वगैरे मी सोडून देतो. त्यात काही गंमत नाही.

यंदा आमच्या इथल्या मंडळाने गणपतीच्या मिरवणुकीला ट्रक मागितला. मी तर वाटच बघत होतो. सप्टेंबर, शाळेचं पार्किंग, पारा छत्तिसावर, पिकअपच्या हौद्यात मूर्ती, समोर ढोलपथक, आणि ट्रकचा वेग मुंगीचा. हेडरवाल्या ट्रकला याहून मोठा सन्मान नाही. वारा लागत नाही, बॉनेटखाली कोंडलेली धग तिथेच फिरत राहते, आणि वायरी आपल्या जागी खरपूस होतात. पहिल्या फेरीला ट्रक आठ सिलिंडरवर होता. दुसऱ्या फेरीला सातवर. तिसरीला पाच आणि सात दोघांनी अबोला धरला आणि सायलेन्सरमधून अशी काही तर्री सुटली, की ताशावाला मुलगा मागे वळून बघू लागला. त्याने दोन क्षण ऐकलं, मान डोलावली आणि माझ्या मिसिंगवर ठेका धरला. लोक नाचले. अध्यक्षांनी येऊन खांद्यावर थाप मारली, "काय इफेक्ट दिलाय! स्पीकर कुठे लपवलाय?"

म्हातारा फुटपाथवर उभा होता, गळ्यात कुणीतरी भगवी पट्टी घातलेली, कपाळावर गुलाल. त्याने बोट वर करून मला दाखवलं. बोटभर.

दुसऱ्या दिवशी मी सहावा संच मागवला. ९० अंशांचाच, उगाच सवय कशाला मोडायची. पार्सलवाला आता फाटकाची कडी स्वतःच उघडतो. त्याने खोकं पायरीवर ठेवलं, सही घेतली, परत निघाला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने त्याला मराठीतच सांगितलं, "पुढच्या वर्षी लवकर या!"